डोंगर, तालीम आणि पडदा

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पिरियापट्टण नावाचे तालुक्याचे गाव लागते. जुन्या कन्नड भाषेत 'पिरिय' म्हणजे मोठे, थोर. मराठीत सांगावयाचे तर हे 'थोरले पट्टण' होय. एके काळी चंगाळ्व राजांची येथे सत्ता होती. पुढे सतराव्या शतकात, कंठीरव नरसराज वोडेयर यांच्या कारकीर्दीत, हा मुलूख म्हैसूरच्या राज्याला जोडला गेला. आज या तालुक्याची ओळख आहे ती तंबाखूच्या शेतीमुळे आणि १९६१ पासून बैलकुप्पे येथे वसलेल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीमुळे. पश्चिमेस कोडगूचे डोंगर उभे आहेत आणि नागरहोळेचे अरण्यही फार दूर नाही.

याच तालुक्यात बेट्टदपुर हे गाव आहे. कन्नडात 'बेट्ट' म्हणजे डोंगर; गावाला नावच डोंगराचे मिळालेले आहे. डोंगराच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. 'सिडिलु' म्हणजे वीज. या देवाच्या भेटीला आकाशातील वीज येते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. विजेला तेथे पोहोचणे सोपे असेल. माणसाला मात्र सुमारे तीन हजार पायऱ्या चढाव्या लागतात. पायथ्याशी निघालेला भाविक माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याचा श्वास फुललेला असतो, पिंढऱ्या भरून आलेल्या असतात आणि अंगावरचे वस्त्र घामाने भिजलेले असते. तरीही त्याच्या मुद्रेवर थकव्यापेक्षा प्रसन्नताच अधिक दिसते. आपण व्यायाम केला, असे त्याच्या मनातही येत नाही. तो म्हणतो, दर्शन झाले.

आता अशी कल्पना करा की, याच माणसाला शहरातील एखाद्या बंद खोलीत नेले, एका जागी पायऱ्या चढविणाऱ्या यंत्रावर उभे केले आणि त्याच्याकडून तीन हजार पायऱ्या चढवून घेतल्या. वाटल्यास समोरच्या पडद्यावर त्याच डोंगराचे चलच्चित्रही दाखविले. पायांना तेवढेच श्रम झाले, हृदयाचे ठोके तेवढेच वाढले. मग लाभही तेवढाच झाला काय? हा प्रश्न आज कोणास चमत्कारिक वाटणार नाही. कारण अशी यंत्रे आणि असे पडदे आता आपल्या गावागावांतील व्यायामशाळांत येऊन पोहोचले आहेत. शास्त्रज्ञ या प्रश्नाचा विचार गेली काही दशके करीत आहेत. परंतु व्यायाम उघड्यावर करावा की आडोशाला, हा वाद मुळात फार जुना आहे आणि आपल्या मराठी परंपरेने त्याला दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. त्या उत्तराचा मागोवा घेण्याचा आज विचार आहे.

प्रारंभी पिरियापट्टणच्याच परिसरातील एका लढाईची आठवण करून देतो. मराठा लाइट इन्फंट्री या आपल्या नामांकित पलटणीच्या रणसन्मानांत 'सिदासीर' असे एक नाव आहे. हे सिदासीर म्हणजे कोडगूच्या सरहद्दीवरील, पिरियापट्टणाजवळची एक टेकडी होय. १७९९ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे मुंबई सैन्य जनरल स्टुअर्ट याच्या हाताखाली कण्णूरहून निघाले, घाट चढून कोडगूत आले आणि श्रीरंगपट्टणाच्या रोखाने सरकू लागले. टिपू सुलतानाने पिरियापट्टणाजवळ तळ दिला आणि ६ मार्च रोजी, दाट रानाचा आडोसा घेऊन, सिदासीरच्या तुकडीवर हल्ला चढविला. तेथे कर्नल माँट्रेसर याच्या हाताखाली देशी पायदळाच्या तीन पलटणी होत्या. मागून कुमक येईपर्यंत त्यांनी ती जागा कित्येक तास लढविली. मुंबई सैन्यात त्या काळी कोकणातील शिपायांचा भरणा मोठा होता. घाट चढणे, ओझे वाहणे, ओढे ओलांडणे यांत त्या शिपायांचे बालपण गेलेले असे.

या लढाईचा उल्लेख केला तो पराक्रमाची कथा सांगण्यासाठी नव्हे. ज्या रम्य वनराजीत आज प्रवासी मन रमविण्यासाठी जातात, त्याच वनराजीत त्या शिपायांनी शरीराची पराकाष्ठा केली होती. आजूबाजूला झाडे होती, ओढे होते, डोंगर होते. परंतु त्या शिपायाला त्या निसर्गात विश्रांती मिळाली असे कोण म्हणेल? झाडाआड बंदूक असेल, अशी भीती ज्याच्या मनात आहे त्याला झाडाची सावली थंड वाटत नाही.

आजच्या पिरियापट्टणातही हा भेद दिसून येतो. तंबाखूच्या शेतात पाने खुडणारा मजूर दिवसभर हिरवाईतच वावरत असतो. तो वाकतो, उठतो, ओझे उचलतो. परंतु तंबाखूच्या ओल्या पानांतील निकोटीन कातडीवाटे अंगात भिनते आणि त्यामुळे मळमळ, घेरी, डोकेदुखी असा विकार जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. मोकळ्या वेळात स्वेच्छेने केलेल्या हालचालीचे जे लाभ दिसतात, ते पोटासाठी केलेल्या अवजड कष्टांत त्याच प्रमाणात दिसत नाहीत, असेही आधुनिक अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही, की केवळ हिरवा रंग म्हणजे निसर्ग नव्हे आणि केवळ घाम म्हणजे व्यायाम नव्हे. स्वेच्छा, निर्भयता आणि थोडी मोकळीक या तिन्ही गोष्टी असल्या म्हणजेच श्रमाचा व्यायाम होतो.

आपल्या प्राचीन वैद्यांनी ही सूक्ष्मता ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचा विचार विस्ताराने आला आहे. व्यायाम आपल्या बळाच्या निम्माच करावा, अशी तेथे मर्यादा घालून दिली आहे आणि ती ओळखण्याची लक्षणेही सांगितली आहेत. त्याच अध्यायात चंक्रमणाचा, म्हणजे फिरण्याचा, वेगळा निर्देश आहे. शरीराला फार पीडा न देणारे फिरणे आयुष्य, बळ, बुद्धी आणि अग्नी यांची वाढ करते व इंद्रियांना जागे करते, असा त्याचा आशय आहे. इंद्रिये जागी होतात, हे शब्द महत्त्वाचे आहेत. चालण्याचा लाभ केवळ पायांपुरता नाही. डोळे, कान, नाक, त्वचा यांनाही त्याचा वाटा मिळतो, हे त्या काळच्या निरीक्षकाने हेरले होते. चरकसंहितेत तर वायू, उदक, देश आणि काल ही चार बिघडली असता सबंध जनपद रोगग्रस्त होते, असे विवेचन आहे. माणसाचे आरोग्य तो राहतो त्या जागेपासून वेगळे काढता येत नाही, हा विचार त्यामागे आहे.

याच्या नेमका उलट दिसणारा विचारही आपल्याकडे आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठयोगप्रदीपिकेत योग्याच्या कुटीचे वर्णन आहे. ती लहान असावी, तिचे दार छोटे असावे, तिला झरोके नसावेत, ती शेणाने सारवलेली व स्वच्छ असावी, असे तेथे सांगितले आहे. साधकाचे चित्त बाहेर धावू नये म्हणून ही बंदिस्त जागा. परंतु त्याच वर्णनात कुटीच्या बाहेर मंडप, ओटा आणि विहीर असावी असेही म्हटले आहे. आणि ही कुटी सुराज्यात, धार्मिक व सुभिक्ष प्रदेशात असावी अशी अट आहे. म्हणजे खिडकी नसलेल्या त्या खोलीलाही भोवती चांगला देश हवाच होता.

मराठी मुलखातील तालीम ही या कुटीचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. जुन्या तालमीत शिरावयाचे म्हणजे मान लववून शिरावे लागे. आत उजेड बेताचाच. एका कोनाड्यात मारुती, मधोमध हौदा, हौद्यात तांबडी माती. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळून ती मऊ आणि निर्दोष ठेवावयाची. ही माती उन्हात सुकू नये, पावसात चिखल होऊ नये, घामेजल्या अंगाला गार वारा लागू नये आणि आपले डावपेच प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीस पडू नयेत, अशी या बंदिस्तपणामागची कारणे होती. ती सगळी व्यवहाराची कारणे होत. बाहेरच्या जगाचा कंटाळा हे त्यातले एक कारण नव्हते.

कारण तालमीचा पहिलवान केवळ तालमीत घडत नसे. पहाटे तो धावावयास जाई, नदीच्या डोहात पोहे, विहिरीत उड्या टाकी आणि गावाच्या जत्रेत उघड्या आभाळाखाली कुस्ती खेळे. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला मोठा आश्रय दिला. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्या धर्तीवर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले आणि ते १९१२ साली खुले झाले. मध्ये मातीचा आखाडा, सभोवती चढत जाणारी प्रेक्षकांची जागा आणि वर आकाश. सराव आडोशाला, परीक्षा उघड्यावर, असा हा मेळ होता. मल्लखांबाची गोष्टही अशीच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपास आणली, असे परंपरा सांगते. त्यातील खांब हा मुळात झाडाच्या बुंध्याचाच संस्कार झालेला अवतार आहे.

विसाव्या शतकात या जुन्या विद्यांना नवे शास्त्रीय वळण मिळाले आणि येथे म्हैसूर व महाराष्ट्र यांची गाठ पडते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन आणि प्राणायाम करताना शरीरात काय घडते, याची पाहणी क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने करण्याचा त्यांचा उपक्रम आपल्या देशात अग्रेसर होता. प्रयोगशाळा उभारावयाची ती त्यांनी मुंबईच्या गजबजाटात न उभारता सह्याद्रीच्या माथ्यावर उभारली, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच सुमारास औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. सूर्यनमस्कार घालावयाला चार हात जागा पुरते, परंतु तोंड उगवत्या सूर्याकडे असावे, असा संकेत आहे. लहानशा जागेतल्या व्यायामाला सबंध आकाशाशी जोडून देणारा हा संकेत आहे.

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वोडेयर यांनी १९३३ साली तिरुमलै कृष्णम्माचार्य यांच्याकडे जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळा सोपविली. राजवाड्याच्या दालनात चालणारी ही शाळा होती. आणि त्याच म्हैसूर शहराच्या डोक्यावर चामुंडीची टेकडी उभी आहे. तिच्या हजारावर पायऱ्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयरांच्या काळी बांधल्या गेल्या आणि आजही पहाटे शेकडो म्हैसूरकर त्या चढतात. या योगशाळेत शिकलेला बी. के. एस. अय्यंगार नावाचा तरुण १९३७ साली पुण्यास, डेक्कन जिमखान्यावर, सहा महिन्यांसाठी योग शिकविण्यास आला आणि जन्मभर पुणेकर होऊन राहिला. म्हैसूरने महाराष्ट्राला दिलेली ही देणगी पुढे साऱ्या जगाला पोहोचली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड याच काळात सिद्ध होऊ लागले. एकाच पिढीत लोणावळा, औंध, म्हैसूर, अमरावती आणि बडोदे येथे व्यायामाचा इतका सखोल विचार झाला, ही आपल्या सामाजिक इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

आता एका जागी चालावयाच्या यंत्राकडे वळू. या यंत्राचा पूर्वज कोठे जन्मला, हे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. तो जन्मला तुरुंगात. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज स्थापत्यविशारदाने कैद्यांसाठी पायचाक तयार केले. एका प्रचंड आडव्या चाकाच्या फळ्यांवर कैद्यांनी पाऊल टाकीत राहावयाचे. फळी खाली जाई, पुढची येई आणि चढणारा तेथेच राही. ही सजा होती. तिच्यातील क्लेश श्रमांपेक्षाही त्यांच्या निरर्थकतेत होता. इंग्लंडातील तुरुंगांतून ही शिक्षा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशी झाली. आपल्याकडे अंदमानातील कोलूची कहाणी मराठी घराघरांत ठाऊक आहे. तेथेही माणूस गोल गोल फिरत राही आणि कोठेच पोहोचत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी हृदयाची परीक्षा करण्यासाठी सरकत्या पट्ट्यावर चालण्याची पद्धत बसविली आणि शिक्षेचे साधन वैद्यकाचे साधन झाले. त्यानंतर ते व्यायामाचे साधन झाले. या यंत्राने लाखो लोकांचे कल्याण केले आहे, यात शंका नाही. परंतु त्यावर चालणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो घालविण्यासाठी समोर पडदा लावावा लागतो, ही वस्तुस्थिती त्या जुन्या इतिहासाशी सुसंगतच आहे.

मग शास्त्र काय म्हणते? १९८४ साली रॉजर उल्रिक या अमेरिकन संशोधकाने एक साधा पण मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या त्याने जुळविल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत. दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक कडक औषधे कमी लागली. येथे रोग्याने काही व्यायाम केला नव्हता. केवळ डोळ्यांनी झाड पाहिले होते.

१९८९ साली मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लान या दांपत्याने या अनुभवाची एक उपपत्ती मांडली. हिशेब, वाचन, रहदारी यांसाठी आपण अवधान प्रयत्नपूर्वक एकवटतो आणि ते थकते. पाने हलणे, पाणी वाहणे, ढग सरकणे यांकडे लक्ष जाते ते प्रयत्नावाचून. आणि त्या वेळात थकलेले अवधान विसावा घेते. शेत नांगरून झाल्यावर ते काही काळ पडीक ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

व्यायामाशी हा विचार नेमका जोडला तो इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी. ज्यूल्स प्रेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १०० माणसांना सरकत्या पट्ट्यावर पळविले. २०-२० जणांचे पाच गट केले. एका गटासमोर काहीच चित्र नव्हते. इतर चार गटांसमोर भिंतीवर चित्रे दाखविली जात. रम्य ग्रामीण, रम्य नागरी, विद्रूप ग्रामीण आणि विद्रूप नागरी असे त्यांचे चार प्रकार होते. नुसत्या व्यायामानेही रक्तदाब उतरला आणि आत्मविश्वास वाढला. रम्य चित्रांनी त्या लाभात भर घातली. परंतु सर्वांत बोलका निष्कर्ष निराळाच होता. उद्ध्वस्त, कचऱ्याने विटाळलेल्या ग्रामीण देखाव्यांनी मनाला होणारा लाभ कमी करून टाकला. शहराची कुरूपता माणूस गृहीत धरतो. निसर्गाची विटंबना मात्र त्याच्या मनाला बोचते, असे यावरून म्हणता येईल. २०१० साली याच विद्यापीठातील जो बार्टन आणि प्रेटी यांनी दहा अभ्यासांतील १,२५२ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. मनःस्थितीत होणारी सुधारणा पहिल्या पाच मिनिटांतच सर्वाधिक दिसते आणि जवळपास पाणी असल्यास ती अधिक होते, असे त्यांना आढळले.

चित्राचाही प्रभाव पडतो, हे २०१२ सालच्या आणखी एका छोट्या प्रयोगात दिसले. त्यात १४ जणांना जागच्या जागी सायकल चालवावयास लावून समोर रानवाटेचे चलच्चित्र दाखविले. एकदा हिरव्या रंगात, एकदा करड्या आणि एकदा तांबड्या रंगात. हिरव्या चित्रात श्रम कमी वाटले आणि मनाची चलबिचलही कमी झाली. तांबड्या चित्राने राग वाढला. चित्र तेच, श्रम तेच, फरक केवळ रंगाचा.

तर मग पडदा पुरेसा आहे, असे का म्हणू नये? कारण खरा निसर्ग डोळ्यांपुरता नसतो. १९९१ सालच्या एका अभ्यासात सारखाच प्रयास वाटेल अशा बेताने धावणाऱ्यांना पट्ट्यावर आणि उघड्या मैदानात धावावयास सांगितले, तेव्हा मैदानात ते अधिक वेगाने धावले. म्हणजे तेवढ्याच कष्टांच्या जाणिवेत शरीराकडून जास्त काम झाले. डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते. घोटा, गुडघा आणि तोल सांभाळणारे स्नायू यांना सतत नवा हिशेब करावा लागतो. सकाळचा उजेड झोपेचे घड्याळ लावून देतो, ऊन कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार करते. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ जणांतील काहींना हिरव्या माळावर आणि काहींना रहदारीच्या रस्त्याकडेला दीड तास चालावयास पाठविले. माळावरून आलेल्यांच्या मनातील खिन्न विचारांचे रवंथ कमी झाले आणि मेंदूच्या त्याच्याशी निगडित भागाचे कार्यही मंदावले. रस्त्याकडेने चाललेल्यांत तसे दिसले नाही. पावले दोघांनीही टाकली होती.

येथे सावधपणाचा शब्द सांगणे अगत्याचे आहे. २०११ साली एक्सेटरच्या अभ्यासकांनी घरातील आणि बाहेरील व्यायामाची तुलना करणाऱ्या ११ प्रयोगांचा, ८३३ प्रौढांचा, परामर्श घेतला. बाहेरच्या व्यायामाने ताजेपणा व उत्साह वाढतो आणि ताण, राग, खिन्नता कमी होते, असा एकंदर कल त्यांना दिसला. परंतु प्रयोग लहान आहेत, त्यांच्या पद्धतीत उणिवा आहेत आणि बाहेर व्यायाम करणारा तो अधिक काळ टिकवितो काय, हे त्यांतून कळत नाही, असेही त्यांनी स्पष्ट बजावले. धुराने कोंदलेल्या रस्त्यावर धावण्यापेक्षा घरात केलेले नमस्कार बरे, हे सांगावयास तर प्रयोगाचीही गरज नाही. ज्याला अंथरूण सोडता येत नाही, ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्या स्त्रीला अंधार पडल्यावर बाहेर फिरणे निर्धास्त वाटत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावरील रानही उपकारक आहे. २०२० साली साथीमुळे सबंध देश घरात कोंडला गेला, तेव्हा दोन खोल्यांत राहणाऱ्या पुष्कळांना गच्ची, खिडकी आणि पडदा यांनीच सावरले.

श्रोतेहो, या सगळ्याचे तात्पर्य काढावयाचे तर ते असे निघते की, शरीराचा लाभ श्रमांतून मिळतो आणि मनाचा लाभ पुष्कळ अंशी जागेतून मिळतो. जुन्या पहिलवानाने तालीम बंदिस्त ठेवली, परंतु नदी आणि जत्रेचे मैदान त्याला कोणी नाकारले नव्हते. योग्याने कुटीला झरोका ठेवला नाही, परंतु दाराबाहेर विहीर आणि चांगला देश मागून घेतला. आज आपण व्यायामशाळा बांधतो त्या मात्र पुष्कळदा या बाहेरच्या अर्ध्या भागावाचून. नदीचे डोह पोहण्याजोगे राहिले नाहीत, गावची गायराने आक्रसली आणि शाळेच्या पटांगणात नव्या इमारती उभ्या राहिल्या. अशा वेळी पडद्यावरचे रान स्वस्त आणि सोयीचे वाटू लागते. जे हरवले त्याची आठवण म्हणून पडदा ठेवावयास हरकत नाही. परंतु हरवलेल्याचा मोबदला म्हणून तो स्वीकारला, तर पुढच्या पिढीला आपण काय गमावले हेही कळावयाचे नाही.

आपल्या पूर्वसूरींनी याचे काही दाखले ठेवले आहेत. आळंदीहून पंढरीला जाणारी वारी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आणि तीन आठवड्यांच्या सुमाराची आहे. पावसाळी आभाळाखाली, शेतांच्या कडेने, सोबत्यांच्या गजरात होणारे हे चालणे कोणत्याही यंत्राला साधणारे नाही. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांच्या वाटा तुडविल्या आणि आपल्या लेखणीने मराठी तरुणांना त्या वाटांवर आणून सोडले. दादरला समुद्राकाठी १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणून ओळखले जाणारे मैदान आजही मुंबईच्या मुलांना धावावयाला माती देत आहे. तेथे उघड्यावर पुरलेल्या मल्लखांबावर मुले-मुली चढताना दिसतात. या गोष्टी आपोआप टिकलेल्या नाहीत. कोणीतरी जागा राखली, कोणी वाट मोकळी ठेवली, कोणी अतिक्रमणाविरुद्ध आवाज उठविला, म्हणून त्या टिकल्या.

बेट्टदपुराच्या पायऱ्या कोणी एका दिवसात घातल्या नसतील. पण त्या घालणाऱ्यांनी डोंगर सर्वांसाठी खुला केला. श्रीमंताला आणि गरिबाला तेवढीच पावले टाकावी लागतात आणि माथ्यावरचा वारा दोघांनाही सारखाच लागतो. एसेक्सच्या प्रयोगाने सांगितलेली गोष्ट मात्र येथेही विसरता कामा नये. त्या पायऱ्यांच्या कडेला कागद, बाटल्या आणि प्लॅस्टिकचे ढीग साचले, तर डोंगर असूनही त्याचा निम्मा गुण नाहीसा होईल. जी गोष्ट पिरियापट्टणाजवळच्या त्या डोंगराची, तीच सिंहगडाची, रायगडाची आणि आपल्या गावामागच्या बिननावाच्या टेकडीची. व्यायामाचे व्रत घेणाऱ्याने दंड-बैठकांच्या संख्येबरोबर आपल्या टेकडीचीही विचारपूस करीत राहावे. ती स्वच्छ आणि मोकळी असेल, तर तिच्यावर चढणाऱ्याला व्यायामाचा उपदेश वेगळा करावा लागणार नाही.